वेळावदरचे लांडगे : काळविटांच्या आडून मिळालेला आसरा

हिवाळा लागला की बडोद्यातील कितीतरी मराठी कुटुंबे वासद, बोरसद, तारापूर, वटामण, धोलेरा या वाटेने भावनगर जिल्ह्यातील वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानाकडे निघतात. हे उद्यान काळविटांचे म्हणून प्रसिद्ध आहे आणि बहुतेक मंडळी काळवीट पाहूनच समाधानाने परततात; मात्र भारतीय लांडगा उघड्या माळावर, दिवसाउजेडी दिसण्याची शक्यता ज्या मोजक्या ठिकाणी आहे, त्यांत या कुरणाची गणना होते. लांडग्याला येथे संरक्षण मिळाले ते काळविटांच्या आडून.

या उपखंडातील लांडग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८३१ साली विल्यम हेन्री साइक्स या मुंबई इलाख्याच्या लष्करी अधिकाऱ्याने केले, आणि तेही दख्खनमधील प्राण्यावरून. परंतु शास्त्राच्या दप्तरात नोंद झाली म्हणून सरकारी दप्तरातील त्याचे स्थान सुधारले नाही. इंग्रजी अमलात तो उपद्रवी ठरला, त्याला मारणाऱ्यास रोख इनाम मिळू लागले, आणि इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या नोंदींवरून मांडलेल्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले. त्याच काळातील वाघांचा आकडा ऐंशी हजारांच्या पुढे जातो. वाघाच्या शिकारीला निदान प्रतिष्ठा होती; लांडगा मारणे हे मात्र निव्वळ साफसफाईचे काम मानले गेले.

संस्थानांची दृष्टी थोडी वेगळी होती, पण ती लांडग्यावरील प्रेमापोटी नव्हे. खंडेराव महाराजांच्या काळात बडोद्यात शिकारी चित्ते पाळले जात आणि त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवली जाई. भावनगरच्या राजघराण्यालाही हाच शौक होता, त्यामुळे भाल प्रदेशातील, म्हणजे याच वेळावदरच्या परिसरातील ‘वीडी’, अर्थात गवताची कुरणे, संस्थानाने राखून ठेवली. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, शेती वाढली आणि काळविटांची संख्या झपाट्याने घसरली. उरलेल्या कळपांना वाचवण्यासाठी अखेर १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आज त्याचे क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर आहे, आणि काळविटांवर जगणारा लांडगाही त्या कुंपणाच्या आत आला.

लांडग्याच्या स्वतःच्या नावाचे अभयारण्यही त्याच वर्षी, पण दूर तेव्हाच्या बिहारमध्ये झाले. आज झारखंडच्या लातेहार जिल्ह्यात असलेले महुआडांड अभयारण्य ते हेच. मध्य प्रदेशातील नौरादेहीची ओळख १९७५ पासून लांडग्यांचे अभयारण्य अशी होती, परंतु २०१८ मध्ये तेथे वाघ आणून सोडले गेले आणि २०२३ मध्ये ते एका व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. पाटी बदलली म्हणून लांडगे नाहीसे होत नाहीत, हे खरे. तरी निधी आणि लक्ष कोणाच्या वाट्याला जाणार, हे सांगायला नको.

वेळावदरला लांडगा शोधायचा तर गवताकडे पाहण्यापेक्षा काळविटांकडे पाहावे, असे तेथील वाटाडे सांगतात. चरणारा कळप एकाएकी थांबतो, सगळ्या माना वर होतात आणि सगळी तोंडे एकाच दिशेला वळतात. त्या दिशेला वाळक्या गवताच्याच रंगाचा, लांब पायांचा, सडपातळ प्राणी दुडक्या चालीने जाताना दिसतो. स्थानिक लोक त्याला ‘वरू’ म्हणतात. दोन-तीन लांडगे मिळून शिकार करतात तेव्हा काही जण कळप हाकतात आणि एखादा दबा धरून बसतो. दबा धरायला गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, उपयोगी पडते. गवताळ प्रदेश गिळणारे हे परदेशी झुडूप लांडग्याला मात्र आडोसा देते, ही विसंगती वन विभागालाही सोडवता आलेली नाही. माद्या बहुधा हिवाळ्यातच वितात. पर्यटकांची गर्दी नेमकी याच दिवसांत असल्याने, गाडी ठरलेल्या रस्त्यावरच ठेवण्याच्या नियमाबाबत वाटाडे कडक असतात आणि ते योग्यच आहे.

गुजरातच्या २०२३ च्या गणनेत राज्यात २२२ लांडगे आढळले आणि त्यांपैकी ८० एकट्या भावनगर जिल्ह्यात होते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. अडचण अशी की हा प्राणी बव्हंशी राखीव जंगलाबाहेर, भरवाड-रबारी या पशुपालकांच्या चराईच्या रानांत आणि कपाशीच्या बांधांवर जगतो. तेथे त्याची गाठ मेंढ्यांशी पडते, तशीच भटक्या कुत्र्यांशीही. कुत्र्यांकडून त्याला रोग लागतात, शिवाय दोहोंचा संकर होतो. पुणे जिल्ह्यात असा संकर २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाला. वेळावदरच्या शेजारी तर सुमारे ९२० चौरस किलोमीटरचे धोलेरा विशेष गुंतवणूक क्षेत्र उभे राहत आहे. उद्यानापेक्षा ते जवळजवळ सत्तावीस पट मोठे आहे, आणि बडोद्याहून जाणारी वाट त्याच्याच बाजूने जाते.