गोटा झालेल्या टायरवर काय लिहिलेलं असतं

टायरच्या दुकानात गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचा दाखवू?" त्याचं उत्तर देण्याआधी पाच मिनिटं जुन्या टायरपाशी उकिडवं बसावं. टायर ज्या कारणाने झिजला ते कारण गाडीतच राहिलं, तर नवी जोडीही तशीच झिजणार, मग ती कितीही महागाची घ्या. आणि ते कारण जुन्या टायरवर बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

गाडीच्या नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. कायद्याने १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कारला चालत नाही. म्हणजे आपण पैसे मोजतो ते जेमतेम ६ मिलिमीटर रबरासाठी. १५ इंची रिमवरच्या नेहमीच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो. टायर ४० हजार किलोमीटर टिकला, तर तेवढ्यात चाकाचे दोन कोटींवर फेरे होतात. हिशेब केला तर एका फेऱ्याला सरासरी ०.३ नॅनोमीटर, म्हणजे एखाद-दोन अणूंच्या जाडीइतकं रबर जातं.

प्रत्यक्षात मात्र रबर असं थराथराने उतरत नाही. रस्त्यातल्या गिट्टीच्या टोकाला ते अडकतं, ताणलं जातं आणि सूक्ष्म तुकडा फाटून निघतो. हे घडायला टायर रस्त्यावर किंचित तरी घसरावा लागतो. चाक सरळ, मोकळं फिरत असताना ही घसरण नगण्य असते. ब्रेक, जोराचा पिकअप, वळण आणि तिरकं बसलेलं चाक या चार वेळी ती वाढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत खेचणं, वळवणं आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढच्याच दोन टायरांवर असतो. म्हणून ते आधी गोटा होतात, त्यात दोष काही नाही. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे टायर बाजू बदलून पुढे घेतले की चारही साधारण एकत्र संपतात. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर बाजू न बदलता फक्त पुढचं मागे करायचं.

आता तळहात टायरवर ठेवा. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर चाकांचा 'टो' बिघडला आहे. म्हणजे चाकं वरून पाहिली तर समांतर नाहीत. चाक पाव अंशाने जरी तिरकं असलं, तरी दर किलोमीटरला ते साधारण ४.४ मीटर आडवं फरफटतं. नागपूरहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर. तेवढ्यात ही आडवी फरफट साडेसहाशे मीटरच्या वर जाते. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याचे, पैसे वाचवून टायर विकत घेणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

फक्त आतली कड खाल्ली गेली असेल तर कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत किंवा बाहेर झुकाव) किंवा टो बिघडला आहे. ही झीज फसवी असते, कारण उभ्याने पाहिलं तर बाहेरची नक्षी ठणठणीत दिसते. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली बाजू बघितल्याशिवाय ती सापडत नाही. तीच कड झिजून आतल्या तारा दिसू लागल्या असतील, तर ती गाडी दुकानापर्यंतही हळूच न्यावी. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी वर-खाली झीज असेल तर शॉक अॅब्सॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं राहिलेलं नाही. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी. नागपुरात या शेवटच्या प्रकाराकडे जरा थांबून पाहायला हवं.

बंद टायरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. ३३ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं पंपावरचं एकक) आसपास दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय. मे महिन्यात, पारा ४५ वर असताना पंपावर ३३ भरून घेतली आणि नंतर काट्याकडे पाहिलंच नाही, तर डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटे त्याच टायरमध्ये २८ च्याही खाली दाब उरतो. महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय आपोआप झिरपतो तो वेगळाच. हिवाळ्यात कडा झिजवून घेण्याचा हा सरळ मार्ग आहे.

उलट, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, "हवा थोडी कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल" हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही. टायर चांगला असेल तर उन्हाने वाढलेल्या चार-पाच पीएसआयने तो फुटत नाही. तेवढी वाढ गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. टायर मरतो तो आतल्या उष्णतेने. रस्त्याला टेकलेला भाग चपटा होतो, पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. रबराला दाबायला लागलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. ताशी १२० किलोमीटरला टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा असा दबतो. हवा कमी असेल तर दर वेळी जास्त दबतो, कडेची भिंत जास्त वाकते, उष्णता साठत जाते आणि शेवटी रबर आतल्या तारांपासून सुटू लागतं. नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढून तासन्‌तास एकाच वेगाने, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत हे सगळं एकत्र येतं. शहरात तोच टायर वर्षभर निमूट चालतो, कारण दर सिग्नलला त्याला निवायला वेळ मिळतो.

हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तिथे बहुधा दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब हा भरायचा दाब नव्हे. आकडा थंड टायरचा असतो: गाडी तीन तास उभी असावी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली. मे महिन्याच्या दुपारी पंपापर्यंत पोचेतो टायर तापलेलाच असतो. अशा वेळी चार पीएसआय जास्त दाखवले म्हणून हवा सोडू नका. १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप घरी असला तर सकाळी सहाला दारातच काम होतं. नायट्रोजनबद्दल एवढंच सांगता येईल की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन कोरडा असतो, जरा हळू झिरपतो. पण तापला की तोही जवळपास तेवढाच फुगतो.

सिमेंट रस्त्यांवर टायर फुटतात, ही दुसरी लाडकी समजूत. शहरातले बरेच रस्ते आता सिमेंटचे असल्याने ती पानठेल्यावर हमखास ऐकू येते. उन्हात काळं डांबर फिकट सिमेंटपेक्षा जास्त ऊन शोषतं, त्यामुळे तापण्याचा दोष एकट्या सिमेंटवर टाकता येत नाही. पाणी निघावं आणि पकड मिळावी म्हणून सिमेंटच्या पृष्ठावर आडव्या रेघा ओढतात. त्या ताज्या आणि खरखरीत असताना रबर जास्त खातात, आवाजही करतात, हे मात्र खरं. शहरात टायरचं खरं नुकसान होतं ते रस्त्याच्या कडेला. सिमेंटचा थर बाजूच्या जमिनीपेक्षा उंच राहतो, आणि पेव्हर ब्लॉकवरून तिरकं वर चढताना टायरची कड रिम आणि काँक्रीटच्या धारेत चिमटली जाते. आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी तिथे बोराएवढा फुगा दिसतो. फुगा दुरुस्त होत नाही. तिथे हवा अडवायला रबराची पातळ कातडीच उरलेली असते, म्हणून तो टायर त्याच दिवशी उतरवावा. कडेवरच्या पंक्चरचंही तसंच. तळाच्या नक्षीतलं साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजवता येतं, कडेवरचं नाही.

टायर केव्हा बदलायचा? खाचांच्या तळाशी आडव्या बारीक पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर झालं. पण तिथपर्यंत थांबू नये. ताशी ८० किलोमीटरला, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी असेल तर १८५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे बारा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. त्याला वाट खाचांचीच. वाट पुरली नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. गुळगुळीत टायर भरपूर पाण्यावर कितीला तरंगेल, हे विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून नासाने काढलेल्या सूत्राने अंदाजता येतं: ३३ पीएसआयला ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास, २५ पीएसआयला ८३. म्हणून नक्षी ३ मिलिमीटरवर आली असेल तर जूनच्या मध्यात पाऊस लागायच्या आत बदल करून घ्यावा. मोजायला गेज नसेल तर काडेपेटीतली काडी खाचेत उभी धरा, नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. मधली, आतली आणि बाहेरची अशा तिन्ही खाचा मोजायच्या.

नक्षी शाबूत पण टायर जुना, ही अडचण कमी चालणाऱ्या गाड्यांची. ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन मिळून रबर कडक करतात, कडेवर बारीक भेगा पडतात. अंगणात उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्यावा. दहा वर्षांचा टायर, नक्षी कशीही असो, ठेवू नये.

नवा टायर घेताना कडेवरची ओळ उतरवून न्या. समजा १८५/६५ आर१५ ८८एच. रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरची वजन पेलण्याची मर्यादा ५६० किलो, एच म्हणजे वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर. हे दोन्ही कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली आणू नका. समृद्धीवर कारला १२० चीच मुभा आहे, मग २१० कशाला, असं वाटेल. पण ही अक्षरं उष्णता सोसण्याचंही माप आहेत. आकार बदलायचाच असेल तर व्यासाचा हिशेब करा. या टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर. १९५/६० आर१५ चा ६१५, म्हणजे एक टक्का कमी, चालेल. १९५/६५ आर१५ चा ६३४.५, दोन टक्के जास्त. स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवेल आणि चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासतं का ते पाहावं लागेल. रुंद टायर दिसतो छान, पण पाण्यावर अरुंद टायरच्या आधी तरंगतो, आणि पेट्रोलही थोडं जास्त मागतो.

काही टायरांवर 'ट्रेडवेअर' हा आकडा आणि 'टेंपरेचर' हे अक्षर छापलेलं असतं. ट्रेडवेअर म्हणजे झिजेला टिकण्याचं माप; प्रमाण टायर १०० धरला तर ४०० म्हणजे त्याच्या चौपट टिकाऊ. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करण्यापुरताच तो कामाचा. टेंपरेचरमध्ये ए सर्वांत वर, सी सर्वांत खाली. वैदर्भी उन्हाळ्यात ए मिळत असेल तर सी घेऊ नये. टिकाऊपणा, ओल्यातली पकड आणि मायलेज ही तिन्ही एकाच रबरात कमाल पातळीवर बसत नाहीत. फक्त "किती हजार चालेल" विचारून घेतलेला कडक रबराचा टायर टिकतो खरा, पण बहुधा ओल्या रस्त्यावर जास्त अंतर घेऊन थांबतो. आयएसआयची खूण बघाच. सेकंडहँड टायर घ्यायची वेळ आलीच, तर खाचांच्या तळाशी त्या आडव्या पट्ट्या आहेत का ते पाहा. पट्ट्या गायब आणि खाचांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या धारदार असतील, तर गोटा झालेल्या टायरवर नक्षी कोरलेली आहे.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. दुकानदार बहुधा उलट सांगेल. पुढची चाकं पाण्यावर सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग उतरला की सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, तिला सावरणं सगळ्यांना जमत नाही.

टायर रिमवर चढायच्या आधी चार आकड्यांचा शिक्का स्वतः वाचा आणि बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या. व्हॉल्व्ह नवे घाला. रबरी व्हॉल्व्हची किंमत किरकोळ, पण जुनाच ठेवला तर नवा टायर त्यातूनच हळूहळू बसतो. बॅलन्सिंग चारही चाकांचं. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा कागद मागून घ्या, त्यावर लाल आकडे हिरवे झालेले दिसले पाहिजेत. नट हातपान्याने तिरक्या जोडीने आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या टायरवर साच्यातून सुटताना लागलेला बुळबुळीत थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जरा लांब राहा. आणि डिकीची चटई उचलून स्टेपनीचा शिक्काही वाचा; बऱ्याच गाड्यांत ती गाडीच्याच वयाची, आणि हवा निम्म्यावर आलेली निघते.