सरड्याच्या कुळात विष: विषारी कुणाला म्हणायचं याची पार्श्वभूमी

उसाच्या फडात साप निघाला की आपल्याकडे सर्पमित्राला पहिला प्रश्न येतो, ‘विषारी हाय का बिनविषारी?’ उत्तराचे तीन खण ठरलेले आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं विषारी. हरणटोळ, मांजऱ्या निमविषारी. धामण, दिवड, तस्कर, कवड्या बिनविषारी. फडात उभ्या असलेल्या माणसाला एवढं पुरतं आणि ते पुरायलाच हवं. पण ही वाटणी माणसाला किती इजा होते यावर झाली आहे. विष मात्र माणसासाठी घडलेलं नाही, ते भक्ष्यासाठी घडलं.

हरणटोळाचे विषदंत जबड्यात मागे असतात आणि त्यांना नुसती खाच असते. भक्ष्य तोंडात धरून ठेवलं की विष हळूहळू आत उतरतं. सरडा त्यानं निपचित पडतो. माणसाला बहुधा थोडी सूज येते. अशा मागच्या दातांच्या सापांना शास्त्रज्ञही फारसं घाबरत नसत. १९५७ साली शिकागोतले नामांकित सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना आफ्रिकेतला बूमस्लँग चावला. साप लहान होता, दात मागचे होते. ते आपली लक्षणं टिपत राहिले आणि दुसऱ्याच दिवशी रक्तस्रावानं गेले. निमविषारी हा खण किती ढिला आहे, हे त्या मृत्यूनं जगाला दाखवलं.

पुढे २००८ मध्ये गर्भातल्या सापांचा अभ्यास झाला. घोणस, नाग यांचे पुढचे विषदंतही गर्भात वरच्या जबड्याच्या मागच्या भागातच उगम पावतात आणि वाढताना पुढे सरकतात, असं त्यात दिसलं. म्हणजे पुढचे आणि मागचे विषदंत मुळात एकाच जागेचे.

त्याआधीच, २००५-०६ च्या सुमारास, विषाचे अभ्यासक ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी मोठी खळबळ उडवून दिली होती. त्यांचं म्हणणं असं, की सरपटणाऱ्यांत विष सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी एकदाच उगवलं, साप आणि काही सरड्यांच्या सामाईक पूर्वजात. या गटाला ‘टॉक्सिकोफेरा’ म्हणतात. त्यात कोण बसतं ते पाहण्यासारखं आहे. पाल दुधात पडली तर दूध विषारी, सापसुरळी चावली तर संपलंच, असं गावोगाव मानतात. या दोघी गटाबाहेर आहेत! आत आहेत कुंपणावरचा साधा सरडा आणि घोरपड. २००९ मध्ये घोरपडीचाच भाऊबंद असलेल्या कोमोडो ड्रॅगनच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी सापडल्या. त्यातला स्राव रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब पाडतो. तोवर त्याच्या लाळेतल्या जंतूंनी भक्ष्य मरतं, असंच सगळीकडे शिकवलं जाई.

पण २०१४ मध्ये विष एकदाच उगवलं या म्हणण्याला जोरदार आक्षेप आला. विषाचे म्हणून मोजलेले बरेच जनुक शरीराच्या इतर भागांतही, शिवाय पालीच्या जातीतही सक्रिय निघाले. विषातली प्रथिनं मूळची शरीराच्याच रोजच्या कामातली. जनुकाची जादा प्रत तयार होते आणि ती ग्रंथीत नव्या कामाला लागते. त्यामुळे तसं प्रथिन नुसतं तोंडात सापडलं म्हणून त्याला विष म्हणणं मला पटत नाही. ते जखमेवाटे दुसऱ्याच्या शरीरात जायला हवं आणि त्याचा चावणाऱ्याला उपयोग व्हायला हवा. या कसोटीवर हरणटोळ नक्कीच विषारी ठरतो, कुंपणावरचा सरडा ठरत नाही.

दवाखान्यातली वाटणी अर्थातच वेगळी. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेलं आहे, आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पोचलेल्या रुग्णालाही तेच मिळतं. राधानगरी, आंबा भागातल्या जंगलात चापडा हा विषारी साप चावला तर त्याच्यासाठीचं वेगळं प्रतिविष आपल्याकडे नाही. सूज आणि रक्त गोठण्यातला बिघाड यांवर लक्ष ठेवून डॉक्टरांना लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात.