आपोआप जुळेल, पण कुणाशी?

नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या बरौनी जंक्शनवर इंजिन आणि डबा यांच्यामध्ये सापडून रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. इंजिन आणि डबा यांची जोडणी, म्हणजे कपलिंग, सोडवण्याचं काम चालू असताना इंजिन हललं आणि मधल्या माणसाला निघायला वेळ मिळाला नाही. त्या घटनेचा फोटो देशभर फिरला. लोकांनी विचारलेला प्रश्न एकच होता: आजच्या काळातही माणसाला त्या फटीत शिरावं का लागतं? डबे आपोआप जोडणारे ऑटोमॅटिक कपलर बसवा, विषय संपला.

विषय असा संपत नाही. आपल्या मालगाड्यांना आणि नव्या, जर्मन बनावटीच्या एलएचबी प्रवासी डब्यांना ऑटोमॅटिक कपलर आहेतच. शिवाय हाच प्रश्न अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी पेटला होता, आणि तिथं यंत्र सापडल्यानंतरही माणसांचे हात तुटणं थांबायला पंचवीस-तीस वर्षं गेली. का गेली, ते समजून घ्यायचं तर आधी ते यंत्र उघडून बघायला हवं. मला त्याचं वेड आहे हे आधीच सांगून टाकतो, त्यामुळे मधले काही परिच्छेद जरा लोखंडी होतील.

जुन्या अमेरिकन डब्याच्या टोकाला मधोमध एक पोकळ लोखंडी तोंड असे. त्यात एक लांबोडकी कडी सरकवायची आणि वरून भोकातून जाडजूड पिन टाकायची. समोरून दुसरा डबा येणार, त्याच्या तोंडात कडीचं उरलेलं टोक घुसणार, आणि मग त्याचीही पिन टाकायची. बोलायला सोपं. पण कडी स्वतःच्या वजनानं खाली झुकलेली असते. ती उचलून समोरच्या तोंडात नेमकी घालायला ब्रेकमनला, म्हणजे गाडीवर ब्रेक लावणाऱ्या आणि डबे जोडणाऱ्या कामगाराला, दोन डब्यांच्या मधे उभं राहावं लागे, आणि शेवटच्या क्षणी हात काढून घ्यावा लागे. डब्यांची उंची वेगवेगळी, पिनांची जाडी वेगळी, रात्रीचा अंधार, पायाखाली बर्फ. नोकरी मागायला आलेल्याची बोटं किती शाबूत आहेत हे पाहून त्याचा अनुभव ठरवत, अशी एक आख्यायिका तिकडे सांगतात. आख्यायिका असेल, पण ती कुणाला अशक्य वाटली नाही हे महत्त्वाचं.

शाळेतलं गणित करून पाहू. २० टनांचा डबा ताशी ५ किलोमीटर वेगानं, म्हणजे माणूस चालतो तेवढ्याच वेगानं येतोय. सेकंदाला सुमारे १.४ मीटर. गतिज ऊर्जा निघते साधारण १९ हजार जूल. हा डबा ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल भरतं ३ लाख ८५ हजार न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३९ टन वजनाइतकं. डबा हळू येतोय म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण धोका वेगापेक्षा वस्तुमानात दडलेला असतो. त्या ५ सेंटिमीटरमध्ये मनगट सापडलं तर डब्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर तोडगा काढणाऱ्यांची रीघ लागली होती. कपलरची हजारो पेटंटं निघाली आणि त्यातली बहुतेक कागदावरच राहिली. एझ्रा मिलरचा आकडा, म्हणजे हुकाचा कपलर, १८६०च्या दशकात आला आणि प्रवासी डब्यांवर चांगला चालला. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मालगाडीच्या रांगड्या कामाला टिकलं ते ईलाय जेनी या माणसाचं यंत्र. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो दक्षिणेच्या बाजूनं होता. युद्धानंतर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी दुकानात कारकुनी करताना त्यानं चाकूनं लाकूड तासून नमुना बनवला, आणि २९ एप्रिल १८७३ रोजी त्याला पेटंट मिळालं. एकट्या कारकुनानं जेवणाच्या सुट्टीत जग बदललं, अशी ही कथा रंगवून सांगतात. तिच्यात १८६८ सालचं त्याचंच आधीचं, फारसं न चाललेलं पेटंट सहसा गाळलेलं असतं.

आता यंत्र. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवा, एकमेकांत अडकवा आणि ओढा. जेनीची कल्पना एवढीच आहे. पण दोन वाकडी बोटं एकमेकांत आपोआप शिरत नाहीत, आणि खरी करामत पुढेच आहे. कपलरच्या डोक्याला एका बाजूला स्थिर बाहू असतो आणि दुसऱ्या बाजूला उभ्या पिनेभोवती फिरणारा, कोनात वाकलेला लोखंडी तुकडा. त्याला नकल म्हणतात. नकलचं एक टोक बाहेर, ते नाक. दुसरं डोक्याच्या पोकळीत, ते शेपूट. पिन बरोबर कोपऱ्यात. त्यामुळे नाक बाहेर उघडलं की शेपूट पुढे तोंडाशी येतं. समोरून येणारा कपलर आत घुसतो तो नेमका या शेपटाकडच्या भागावर आदळतो. शेपूट मागे ढकललं जातं, आणि त्याच फिरण्यानं नाक आत वळून समोरच्या नकलला मिठी मारतं. म्हणजे आदळण्याची जी ऊर्जा आधी हात चिरडत होती, तीच आता दार लावते.

दार लागलं, आता कुलूप. आजच्या मालगाडीवर जे रूप दिसतं, त्यात डोक्याच्या आत एक लोखंडी ठोकळा वर टांगलेला असतो. शेपूट मागे सरकून त्याची वाट मोकळी झाली की तो स्वतःच्या वजनानं खाली पडतो आणि शेपटाच्या पुढे बसतो. स्प्रिंग नाही, मोटर नाही. नाक पुन्हा उघडायचं तर शेपटाला पुढे यायला हवं, आणि ती वाट तर ठोकळ्यानं अडवलेली.

गाडीला ओढ लागली की काय होतं पाहा. समोरचा डबा नाक खेचतो, नाक उघडू पाहतं, शेपूट ठोकळ्यावर दाब देतं, आणि ठोकळा शेपूट व डोक्याची भिंत यांच्यात चेपला जातो. ओढ जितकी जास्त, तितका ठोकळा घट्ट. त्याचं स्वतःचं वजन काही किलो, पण त्याला दोन्हीकडून दाबणारं बल टनांत; मग घर्षणच इतकं की कुणी बाजूचा दांडा कितीही उपसला तरी ठोकळा वर येत नाही. म्हणून डबे सोडवताना इंजिनाला आधी थोडं मागे रेटायला सांगतात. ओढ ढिली पडली की बाजूला उभं राहून, रुळांच्या बाहेरून, दांडा हातानं उचलता येतो. चालत्या गाडीत ओढ असताना कुलूप उघडत नाही आणि माणसाला हवं तेव्हा उघडतं. हे दोन्ही गुण एकाच घर्षणातून निघालेत. आणि नकल मुद्दाम बदलता येईल अशी ठेवलेली असते: फार ताण आला तर डोकं किंवा डब्याची चौकट तुटण्याऐवजी साधारण ३५-३६ किलोचा हा तुकडा तुटावा आणि वाटेतच बदलता यावा.

दोन मर्यादा सांगायला हव्यात. दोन्ही नकला मिटलेल्या असतील तर कपलर नुसते एकमेकांवर आपटतात. किमान एक उघडी लागते. दुसरी मर्यादा मोठी. हा कपलर फक्त लोखंड जोडतो. ब्रेकच्या दाबलेल्या हवेचे रबरी पाइप, विजेच्या केबल तो जोडत नाही. ते हातानंच लावायचे आणि सोडवायचे असतात. माणसाला आजही मधे जावं लागतं त्याचं एक सरळ कारण हे आहे. अशा वेळी त्याचं रक्षण कपलर करत नाही. मधे माणूस असताना इंजिन हलणार नाही ही कामाची शिस्त करते.

१८७३ सालीच यंत्र होतं, मग उशीर कशाचा? कारण अमेरिकेत डबे एका कंपनीचे नसत. एका गाडीत दहा कंपन्यांचे डबे आणि प्रत्येकीच्या इंजिनियरचा आवडता कपलर वेगळा. तुमचा कितीही हुशार असू दे, शेजारच्या डब्याचं तोंड वेगळ्या आकाराचं असेल तर पुन्हा कडी, पुन्हा पिन, पुन्हा हात. आपोआप जुळणं हा एका कपलरचा गुणच नाही, तो जोडीचा गुण आहे. हे कळायला वेळ लागला. डबे बांधणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संघटनेनं, मास्टर कार बिल्डर्स असोसिएशननं, १८८५ मध्ये बफेलो शहरात चाळीसेक कपलरांची चाचणी घेतली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जेनीच्या धर्तीचा आकार प्रमाण मानला. जेनीनं त्या बाह्याकृतीवरचा आपला हक्क सोडून दिला. आतलं कुलूप, पिन, दांडा ज्याला जसा करायचा तसा करा. बाहेरची वक्ररेषा मात्र सगळ्यांची एक. संपूर्ण कथेत मला हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो, खुद्द शोधापेक्षाही.

तरी कंपन्या हलेनात. डबे लाखांत, खर्च आपला आणि हात ब्रेकमनचे. न्यायालयांतही तेव्हा एक तत्त्व चाले, की धोक्याचं काम माहीत असून पत्करलंस, तर जोखीम तुझी. आपल्याकडे अपघातानंतर ‘त्याचं नशीबच तसं’ म्हणतात. तिकडे तीच गोष्ट कायद्याच्या भाषेत म्हणत, एवढाच फरक. नव्या इंजिनापुढे नारळ फोडायला माझी हरकत नाही, पण एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीनं शेकडो लोकांचे हात तुटत असतील तर तो नशिबाचा नव्हे, आराखड्याचा दोष असतो.

आयोवातला एक शेतकरी, लोरेन्झो कॉफिन, या प्रश्नाच्या मागे लागला. १८७४ मध्ये त्यानं डोळ्यांदेखत एका ब्रेकमनची बोटं जाताना पाहिली असं सांगतात. त्यानंतर पत्रं, भाषणं, संघटनेच्या बैठकांत बिनबोलावता हजेरी. लोक त्याला वैतागले. पण १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, सांगितलं की रेल्वे कामगाराचा जीव युद्धातल्या सैनिकाइतका धोक्यात असणं ही आपल्या सभ्यतेला लाजिरवाणी बाब आहे, आणि २ मार्च १८९३ रोजी त्यांनी सुरक्षा साधनांच्या कायद्यावर सही केली. कायद्यानं विशिष्ट कंपनीचा कपलर सांगितला नाही. धक्क्यानं आपोआप जुळावा आणि माणूस मधे न जाता सोडवता यावा, एवढंच म्हटलं. मुदत १८९८ ची. ती वाढत वाढत १ ऑगस्ट १९०० पर्यंत गेली. मधल्या काळासाठी एक झकास जुगाड होता: नव्या नकलच्या नाकात आडवी खाच आणि वरून भोक ठेवत, म्हणजे जुनी कडी-पिन तिच्यातही बसे. मजबुती कमी होई, पण गाड्या थांबल्या नाहीत.

मुदत संपून चार दिवस झाले होते. ५ ऑगस्ट १९०० रोजी युटामधल्या प्रोमॉन्टरी इथं सदर्न पॅसिफिक कंपनीच्या जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला इंजिन सोडवून बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या खानपानाच्या डब्याला (डायनिंग कारला) जोडायला सांगितलं गेलं. इंजिनाला जेनी कपलर, डब्याला मिलरचा आकडा. दोन्ही ‘ऑटोमॅटिक’. पण एकमेकांशी ते आपोआप जुळत नव्हते. जॉन्सन हुकमाप्रमाणे मधे गेला, हात सापडला आणि मनगटाच्या वरून कापावा लागला. खालच्या न्यायालयांनी कंपनीच्या बाजूनं कौल दिला: दोन्ही वाहनांवर स्वयंचलित कपलर आहेत, मग कायदा मोडला कुठं? डिसेंबर १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे उलटवलं. कायद्याचा हेतू माणसाला मधे जायला लागू नये हा आहे. जे कपलर आपसांत जुळत नाहीत ते असून नसल्यासारखे. अभियंत्यांनी बफेलोत जे ओळखलं होतं, ते न्यायालयात पोचायला एकोणीस वर्षं लागली.

जपाननं वेगळी वाट धरली. दहा वर्षं रेंगाळण्यापेक्षा एका दिवसात उडी. नवे कपलर आधीच मालडब्यांच्या पोटाखाली टांगून ठेवले, गावोगावच्या कामगारांना सराव दिला आणि १७ जुलै १९२५ रोजी होन्शू बेटावरच्या मालडब्यांचे कपलर एका दिवसात बदलले. रेल्वेचं जाळं एका हाती असलं की असं जमतं.

आपल्याकडे ब्रिटिशांमुळे स्क्रू कपलिंग आणि दोन बाजूंना धक्का झेलणारे बफर आले. मधला स्क्रू आवळून बफर एकमेकांवर दाबून बसवले की डब्यांमध्ये सैलपणा उरत नाही, प्रवास मऊ होतो. पण आवळायला माणूस मधे लागतोच. २००० च्या आसपास जर्मन बनावटीचे एलएचबी डबे आले, त्यांच्याबरोबर प्रवासी गाड्यांनाही मधोमध बसणारा ऑटोमॅटिक कपलर आला, आणि अपघातात डबे एकमेकांवर चढणं कमी झालं. सुरुवातीला गाडी सुटताना बसणाऱ्या हिसक्यांवरून लोकांनी या कपलरला खूप शिव्या घातल्या. दोष मुख्यतः नकलचा नव्हता, तिच्यामागे धक्का शोषणाऱ्या ड्राफ्ट गिअरचा होता, आणि रेल्वेनं पुढे तोच बदलला. स्क्रू कपलिंगच्या जुन्या आयसीएफ प्रवासी डब्यांचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं, पण ते डबे धावत असल्यानं आपल्या इंजिनांना मधला कपलरही असतो आणि बफरही. अमेरिकेतल्या खाचेच्या नकलचाच हा भारतीय अवतार.

युरोपच्या बहुतेक मालगाड्या मात्र अजून स्क्रूवरच आहेत. १९७० च्या दशकात तिथं सामाईक स्वयंचलित कपलर तयार होता. देशांचं एकमत झालं नाही आणि तो बासनात गेला. २०२१ मध्ये त्यांनी नव्या डिजिटल कपलरसाठी कार्ल शार्फेनबर्ग या जर्मन अभियंत्याच्या कपलरच्या धर्तीचं कुलूप निवडलं. त्यात लोखंडाबरोबर हवेची आणि विजेची जोडणीही आपोआप होते. जुन्या हुकाशी मात्र ते जुळत नाही, त्यामुळे बदलाच्या वर्षांसाठी दोन्हींना धरू शकेल असं वेगळं तोंड इंजिनांसाठी बनवण्याचं काम तिथल्या अभियंत्यांकडे आलं आहे.