निरागस

निरागस (विशेषण, नाम : निरागसता, निरागसपणा). मनात कपट न शिरलेला. मुख्यतः लहान मुलांविषयी वापरतात. संस्कृत ‘आगस्’ म्हणजे अपराध, त्यामुळे शब्दाचा मूळ अर्थ सरळ ‘निरपराध’ असाच होतो. ऋग्वेदात (1.24.15) वरुणाला पाश सैल करायला विनवताना याच मुळातला ‘अनागस्’ आला आहे. मराठीत मात्र हा शब्द अपराधाचा हिशेब सोडून पाळण्याशी येऊन बसला. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ या म्हणीतल्या संन्याशाला आपण निरपराध म्हणतो, निरागस म्हणत नाही.

न्यायालयाचा शब्द ‘निर्दोष’. इंदूरला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. पण जिल्हा न्यायालयाचा कारभार हिंदीत, म्हणून इथल्या मराठी घरांत ‘निर्दोष मुक्तता’पेक्षा ‘बरी झाला’ हेच जास्त कानी पडते (हिंदीत ‘बरी’ म्हणजे आरोपातून सुटलेला). वर्तमानपत्रे ‘बाइज्जत बरी’, म्हणजे सन्मानाने सुटला, असे लिहितात. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात असा वेगळा निकालच नाही. संशयाचा फायदा मिळून सुटलेला माणूसही पुरता सुटलेलाच असतो, आणि ‘पुरावा नव्हता म्हणून सुटला’ असे त्याच्यामागे म्हणत राहणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

निरागस आणि निर्दोष एका ठिकाणी मात्र भेटतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ आणि परिणाम कळण्याइतकी समज आली होती का, हे कलम 21 प्रमाणे पाहावे लागते. जुन्या दंड संहितेतही (कलमे 82 व 83) हेच होते.

‘निष्पाप’ बहुधा बातमीतल्या बळींना लागतो. ‘भोळा’ शंकराला लावला की भक्ती, शेजाऱ्याला लावला की काळजी : त्याला कोणीही फसवील. ‘भाबडा’ त्याहून हळवा.

इंदुरात रामबागेतल्या किंवा राजवाड्याजवळच्या मराठी बोलण्यात हिंदीतले दोन शब्द सहज मिसळतात. पुण्यात ‘सरळ’ म्हणतील तिथे ‘मुलगा सीधा आहे’, आणि बाळाचा चेहरा ‘मासूम’. हा अरबी शब्द. अर्थ ‘राखलेला’, पापापासून जपलेला. निरागसमध्ये दोषाचा अभाव आहे, मासूममध्ये कोणीतरी राखण करणारा आहे, आणि झोपलेल्या तान्ह्या मुलाला तो शब्द अधिक शोभतो.