बांबू रोपवाटिकेतील जिवाणू संवर्धके

बांबूचे बी, रोपांची मुळे किंवा पिशवीतील माती यांना उपयुक्त मृदाजिवाणू देऊन रोपे जोमदार करण्याची पद्धत. बांबू गवत कुळातील असल्याने त्याच्या मुळांवर कडधान्यांसारख्या गाठी येत नाहीत. म्हणून गाठींत राहणाऱ्या रायझोबियम जिवाणूऐवजी मुळांच्या सान्निध्यात राहणारे अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम, बॅसिलस व स्यूडोमोनस हे जिवाणू वापरतात.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिमी पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. त्यामुळे कोरडवाहू लागवडीसाठी मानवेल ही बांबूची काटक जात अधिक योग्य ठरते. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानापासून सांगोल्याच्या हलक्या मुरमाड जमिनीपर्यंत येथील माती वेगवेगळी असली, तरी तिच्यात बहुतेक ठिकाणी चुनखडी असते. अशा विम्लधर्मी (अल्कधर्मी) मातीत स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधला जातो आणि लोह अविद्राव्य होते. परिणामी ही अन्नद्रव्ये मातीत असूनही कोवळ्या मुळांना मिळत नाहीत व नवी पाने पिवळी पडतात, ज्याला उसाच्या पट्ट्यात केवडा म्हणतात. जिवाणूंचा खरा उपयोग येथेच आहे. बॅसिलस व स्यूडोमोनसच्या काही जाती सेंद्रिय आम्ले सोडून स्फुरद विरघळवतात, तर स्यूडोमोनस लोह धरून ठेवणारी संयुगे तयार करतो. अ‍ॅझोस्पिरिलम थोडाफार नत्र स्थिर करतो. मात्र त्याचे मोठे काम ऑक्सिनसारखी संजीवके (वाढ घडवणारी द्रव्ये) स्रवून तंतुमुळे वाढवण्याचे आहे आणि पाण्याचा ताण सोसावा लागणाऱ्या रोपासाठी ते नत्रापेक्षाही मोलाचे ठरते.

मानवेलीला काही दशकांतून एकदाच सार्वत्रिक फुलोरा येतो आणि बियांची उगवणक्षमता लवकर घटते, त्यामुळे हाती आलेले बी जपून वापरावे लागते. बी रात्रभर पाण्यात भिजवून निथळतात. गूळ पाण्यात उकळून, ते पाणी पूर्ण गार झाल्यावरच त्यात संवर्धक (जिवंत जिवाणूंची तयार भुकटी किंवा द्रव) कालवतात (गरम पाण्यात जिवाणू मरू शकतात). हे मिश्रण बियांवर हलक्या हाताने चोळून बी सावलीत सुकवतात आणि लगेच गादीवाफ्यावर पेरतात. रोपे पिशवीत हलवताना मुळे संवर्धकाच्या पातळ द्रावणात सुमारे अर्धा तास बुडवण्याची रीतही प्रचलित आहे. बुरशीनाशक किंवा रासायनिक खत संवर्धकात मिसळू नये.

खत नियंत्रण आदेशानुसार भुकटी स्वरूपातील संवर्धकात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूप संवर्धकात प्रतिमिलिलिटर किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पाकिटात ही संख्या टिकत नाही. त्यामुळे मुदतीच्या तारखेइतकीच साठवणुकीची जागाही तपासणे आवश्यक आहे. कुजलेले शेणखत नसलेल्या मातीत जिवाणूंना खाद्य मिळत नाही. शेणखत व पाणी यांना संवर्धक हा पर्याय नाही.

परिणाम पाहण्यासाठी त्याच मातीत, त्याच दिवशी लावलेली काही रोपे संवर्धकाविना ठेवावीत. केवळ उंची मोजल्यास फसगत होते, कारण बांबूच्या रोपाचा जोम कंदात साठतो आणि प्रत्येक नवा कोंब आधीच्यापेक्षा जाड निघतो. म्हणून दोन्ही गटांतील कोंबांची संख्या, बुंध्याची जाडी व पिशवी फाडल्यावर दिसणारी मुळांची दाटी यांची तुलना करावी लागते.