धातू बदलला, पॅटर्न तोच

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी एक लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्याच्या ठशात धातू ओततात तो नमुना, हातात घेऊन पाहिला होता. कास्टिंग तडकतात म्हणून त्यांनी ग्रे आयर्न हे ठिसूळ बीड सोडून एसजी आयर्न हे चिवट बीड ओतायला घेतलं. तडकणं थांबलं. पण एका भोकाची जागा दोन मिलिमीटर सरकलेलीच राहिली. चूक पॅटर्नमध्ये होती, धातूला ती कशी कळणार?

सर्व्हरवरची जुनी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सी भाषेतून रस्ट भाषेत नव्यानं लिहिली जाताहेत, तेव्हा मला तो पॅटर्न आठवतो. सी भाषेत मेमरीची हद्द प्रोग्रामरनंच सांभाळायची असते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर मालकाचे (अ‍ॅडमिनचे) अधिकार तात्पुरते देणाऱ्या ‘सुडो’ या प्रोग्राममध्ये 2011 साली अशी एक हद्द सुटली. आज्ञेच्या शेवटी एक उलटी तिरकी रेघ आली, की प्रोग्राम ठरलेल्या जागेपलीकडे लिहीत सुटायचा आणि त्या यंत्रावरचा साधा वापरकर्ताही मालक होऊ शकायचा. हे उघड झालं 2021 च्या जानेवारीत. जवळजवळ दहा वर्षं ती ओळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती!

रस्ट अशी हद्द ओलांडू देत नाही. म्हणूनच ‘सुडो-आरएस’, म्हणजे रस्टमधलं सुडो, लिहिलं गेलं, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो. ज्या ओळींवर प्रोग्रामर ‘अनसेफ’ असं लिहून ही राखण बाजूला ठेवतो, त्या तपासनिसानं बारकाईनं वाचाव्याच लागतात. पण तेवढ्यावर भागत नाही.

2023 मध्ये नेदरलँड्सच्या रॅडिकली ओपन सिक्युरिटी या संस्थेनं सुडो-आरएसची तपासणी केली, तेव्हा सापडलेल्या एका दोषाचा मेमरीशी काही संबंध नव्हता. पासवर्ड दर वेळी विचारावा लागू नये म्हणून सुडो प्रत्येक वापरकर्त्याची एक छोटी फाइल ठेवतं. तिला नाव वापरकर्त्याचंच. आता कुणाचं नावच ‘../../../../bin/cp’ असं असेल तर? दोन ठिपके म्हणजे एक फोल्डर वर. त्यानं ‘माझी नोंद पुसा’ म्हटलं, की प्रोग्राम पायऱ्या चढत वर जाणार आणि फाइल कॉपी करण्याची मूळ आज्ञाच रिकामी करून टाकणार. असं नाव असलेलं खातं आधी तयार करता यायला हवं, त्यामुळे धोका मर्यादित होता. तरी सांगण्यासारखी गोष्ट पुढेच आहे: मूळ सी भाषेतल्या सुडोतही हाच दोष, जरा सौम्य रूपात, होता. भोकाची जागा जुन्या पॅटर्नवरूनच आली होती. नवं लिहिलेलं कुणी तपासायला घेतलं, म्हणून जुन्यातलंही कळलं.

दुरुस्ती साधी झाली. आता त्या फाइलला वापरकर्त्याचं नाव देत नाहीत, त्याचा क्रमांक देतात. क्रमांकात ठिपका नसतो आणि तिरकी रेघही नसते.