तांब्याची तार आणि तांब्याने मढवलेली तार: फिरत्या भंगार खरेदीत फरक कसा ओळखावा

भंगारातील वायर दारोदार फिरून विकत घेणे, ती सोलून आतील धातू वेगळा करणे आणि मोठ्या गोदामाला विकणे हा व्यवसाय एक तीनचाकी टेम्पो, एक चांगला काटा आणि थोडे खेळते भांडवल यांवर सुरू करता येतो. मोटार रिवाइंडिंगची दुकाने, इलेक्ट्रिशियन, जुनी घरे पाडणारे कंत्राटदार आणि केबलचे जाळे बदलणारे लोक हे त्याचे नेहमीचे पुरवठादार असतात. या धंद्यात नव्याने उतरणारा माणूस सहसा दराची चिंता करतो, परंतु त्याचे पहिले मोठे नुकसान बहुधा दरामुळे होत नाही. ते होते एकाच पोत्यात शेजारी शेजारी पडलेल्या, एकाच लालसर रंगाच्या दोन वेगवेगळ्या तारांमुळे. त्यांतील एक तार आरपार तांब्याची असते आणि दुसरी केवळ वरून तांब्याची असते.

या दुसऱ्या तारेला बाजारात ‘सीसीए’ (कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम) म्हणतात. तिच्या गाभ्यात ॲल्युमिनियम असते आणि त्यावर तांब्याचे पातळ कवच घट्ट जोडलेले असते. अनेकजण याला ‘मुलामा’ म्हणतात. माझ्या मते ‘मढवलेली तार’ हा शब्द अधिक अचूक आहे, कारण जाड ॲल्युमिनियमच्या कांबीवर तांब्याची पट्टी जोडून नंतर ती कांब साच्यातून ओढून बारीक केली जाते. ओढताना दोन्ही धातू सारख्याच प्रमाणात बारीक होत जातात, त्यामुळे कांबीत तांब्याचा जितका हिस्सा असेल तितकाच हिस्सा केसासारख्या बारीक तारेतही राहतो. नेहमी आढळणाऱ्या प्रकारांत तांबे आकारमानाने 10 किंवा 15 टक्के असते. तांब्याची घनता 8.96 आणि ॲल्युमिनियमची 2.70 असल्याने, वजनाने मोजल्यास पहिल्या प्रकारात तांबे सुमारे 27 टक्के आणि दुसऱ्यात सुमारे 37 टक्के भरते. विक्रेता आपल्याला वजनाने माल देतो, म्हणून वजनाचाच आकडा लक्षात ठेवावा.

आता हा फरक डोळ्यांना का दिसत नाही, ते पाहू. घरगुती वायरीतील 0.3 मिलिमीटर व्यासाची एक बारीक तार घेतली, तर 10 टक्के प्रकारात तिच्यावरील तांब्याचे कवच जेमतेम 0.008 मिलिमीटर जाडीचे असते. शिवाय पक्कड किंवा कटर तार तोडताना हे मऊ कवच कापलेल्या तोंडावर ओढून आणतो, आणि गाभा पांढरा असूनही तोंड लालसर दिसते. म्हणूनच ‘मी तोडून पाहिले, आत तांबेच होते’ असे प्रामाणिकपणे सांगणारा विक्रेताही चुकीचे सांगत असू शकतो. तारेचे तोंड तपासण्यापेक्षा तिची कूस खरवडणे हा खात्रीचा मार्ग आहे. धारदार पाते किंवा बारीक कानस तारेच्या लांबीच्या दिशेने चार-पाच वेळा फिरवावी आणि खरवडलेली जागा भिंगाखाली पाहावी. तांबे कितीही खरवडले तरी लालच राहते. मढवलेल्या तारेवर पांढरी रेघ उमटते. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते, विक्रेत्याच्या समोर करता येते आणि तिच्यात वाद घालण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी कसोटी वजनाची आहे आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिच्यातून दर ठरवण्याची पद्धतही आपोआप हाती येते. दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरीचे 90 मीटरचे वेटोळे घ्या. आत खरे तांबे असेल तर केवळ धातूचे वजन सुमारे 1.21 किलो भरेल. 10 टक्के प्रकारातील मढवलेली तार असेल तर ते सुमारे 450 ग्रॅम भरेल. दोन्हींवरील पीव्हीसीचे आवरण मात्र सारखेच, अंदाजे 640 ग्रॅमचे असते. म्हणजे तांब्याच्या वायरीत एकूण वजनापैकी 65 टक्क्यांच्या आसपास धातू मिळतो, तर दिसायला अगदी तशाच मढवलेल्या वायरीत तो 40 टक्क्यांच्या जवळपास मिळतो. साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात तसाच वायरीचाही उतारा काढायचा असतो. ढिगातील प्रत्येक प्रकारच्या वायरीचा एक मीटरचा तुकडा कापावा, एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या छोट्या काट्यावर तोलावा, सोलावा, धातू पुन्हा तोलावा आणि धातूच्या वजनाला तुकड्याच्या एकूण वजनाने भागावे. एकेरी घरगुती वायरीचा उतारा चाळिशीत आला, तर आकडाच सांगतो की आत तांबे नसावे, आणि मग कानस हातात घ्यावी. (हा छोटा काटा केवळ आपल्या अंदाजासाठी असतो, ज्या काट्यावर माल तोलून पैसे दिले जातात, त्याची वैधमापन विभागाकडून पडताळणी होऊन त्यावर शिक्का असणे आवश्यक आहे.)

हीच चूक पैशांत कशी उतरते, तेही पाहावे. समजा, दहा किलो वायर 65 टक्के तांबे धरून घेतली, म्हणजे साडेसहा किलो तांब्याचे पैसे मोजले. प्रत्यक्षात ती मढवलेली निघाली, तर सोलल्यावर हाती सुमारे 4.1 किलो धातू येतो, त्यात तांबे केवळ 1.1 किलो असते आणि तेही तीन किलो ॲल्युमिनियमला असे चिकटलेले असते की सोलून, कुटून किंवा निवडून ते वेगळे होत नाही. ॲल्युमिनियमचा दर अलीकडच्या वर्षांत साधारणपणे तांब्याच्या दराच्या पाव ते एक तृतीयांश राहिला आहे, त्यामुळे अशा एकाच खरेदीत अनेक चांगल्या खरेद्यांचा नफा बुडतो.

ज्योतीची कसोटीही वापरात आहे, पण ती जपून करावी. पूर्ण सोललेली, प्लॅस्टिकचा अंशही नसलेली एकच बारीक तार चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीत नेली, तर मढवलेली तार वाकते, तुटते किंवा टोकाशी थेंब धरते, आणि तांब्याची तार लाल तापून तशीच राहते. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना. त्यातही हे दोन धातू एकमेकांत मिसळू लागले की त्यांचे मिश्रण 548 अंशांपासूनच पातळ होऊ लागते. मात्र केसासारखी तांब्याची तार जोरदार ज्योतीत वितळू शकते, म्हणून केवळ या कसोटीवर निर्णय देऊ नये.

आवरण काढण्यासाठी वायरीचा ढीग जाळण्याची जी पद्धत अजूनही नाल्याकाठी आणि मोकळ्या माळावर दिसते, तिच्याविषयी येथे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो आणि डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायने तयार होतात. तांब्याच्या सान्निध्यात त्यांची निर्मिती वाढते, आणि जुन्या आवरणात स्थिरतेसाठी मिसळलेले शिसे राखेत व धुरात उतरते. हा धूर सर्वांत आधी जाळणाऱ्याच्या आणि त्याच्या मुलांच्या छातीत जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई करून साध्या प्रकरणात 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनेही जाळणे घातक आहे, कारण आगीत दोन्ही तारांचा फरकच पुसला जातो. तांबे काळे पडून ठिसूळ होते आणि त्याची प्रत व दर उतरतो, तर मढवलेली तार वितळून करड्या, ठिसूळ गोळ्यांत बदलते आणि ते गोळे तांब्याच्या ढिगात अडकून बसतात. म्हणून जाळलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी नवख्याने घेऊ नये. त्यात काय आहे हे सांगता येत नाही आणि तो कोठून आला हेही सांगता येत नाही.

मढवलेली तार म्हणजे नेहमीच फसवणूक असते, असे मात्र समजू नये. उच्च वारंवारितेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो; 100 मेगाहर्ट्झला तांब्यात तो सुमारे 0.0066 मिलिमीटर खोलीतच एकवटतो, म्हणून अँटेनाच्या काही केबलींत तांब्याचे पातळ कवच पुरेसे ठरते. ध्वनिक्षेपकाच्या हलत्या गुंडाळीत तिचा हलकेपणा हाच गुण असतो. फसवणूक होते ती घरगुती वायरीत आणि स्वस्त नेटवर्क केबलीत, जेथे घेणाऱ्याला तांबे म्हणून ती विकलेली असते. आपल्याकडे माल घेऊन येणारा इलेक्ट्रिशियन अनेकदा असाच फसलेला ग्राहक असतो. खरवडलेली पांढरी रेघ त्याला शांतपणे दाखवावी आणि भिंग त्याच्याच हाती द्यावे. आपण दर पाडण्यासाठी बहाणा करत नाही, हे त्याला पटले तर तो पुढचा मालही आपल्याकडेच आणतो.

या दोन तारांशी मिळतीजुळती आणखी काही रूपे पोत्यात येतात. मोटारीच्या वाइंडिंगमधील ॲल्युमिनियमच्या तारेवर तपकिरी-लालसर वार्निशचा थर असला की ती हुबेहूब तांब्यासारखी दिसते; इचलकरंजी किंवा सांगली भागात रिवाइंडिंगच्या दुकानांतून माल उचलणाऱ्याने पंख्यांच्या आणि मिक्सरच्या मोटारी या दृष्टीने अवश्य तपासाव्यात. डिशच्या केबलीतील मधली कडक तार पुष्कळदा तांब्याने मढवलेल्या पोलादाची असते. तिला चुंबक लावताच ती ओढली जाते. तांबे आणि ॲल्युमिनियम यांपैकी कोणालाही चुंबक धरत नाही, म्हणून सीसीए ओळखण्यासाठी चुंबकाचा काहीही उपयोग नाही, आणि ‘चुंबक चिकटला नाही, म्हणजे तांबे’ हा सर्वत्र ऐकू येणारा समज सोडून द्यावा.

याच्या अगदी उलट चूकही घडते आणि तिच्यात नुकसान विक्रेत्याचे होते. जुन्या वाड्यांतील लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या रबरी वायरीत पांढरट तार दिसते आणि खरेदीदार तिला ॲल्युमिनियमच्या भावात मोजतो. वास्तविक ते कल्हई केलेले तांबे असते. त्या काळच्या रबरात गंधक असे आणि गंधकापासून तांब्याचे रक्षण करण्यासाठी त्यावर कथिलाचा थर देत. येथेही कानस तेच काम करते: पांढऱ्याखाली लाल निघाले तर ते तांबे आहे. कथिलामुळे त्याचा दर चकचकीत तांब्यापेक्षा कमी असला, तरी ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त असतो. वाडा पाडणाऱ्याला हे ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असताना त्याला न सांगणे हे माझ्या दृष्टीने काटा मारण्याइतकेच वाईट आहे.

मूळ मालकाविषयी एक गोष्ट तारेच्या ओळखीतूनच कळते. मध्ये पोलादी तार आणि भोवती ॲल्युमिनियमच्या उघड्या तारांचे वेढे असा पीळ कोणी आणला, तर तो बहुधा वीजवाहिनीचा असतो आणि किरकोळ विक्रेत्याकडे तो असण्याचे योग्य कारण सहसा नसते. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 136 खाली अशी सामग्री मालकाच्या संमतीविना जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे, आणि चोरीचा माल घेण्याबाबत भारतीय न्याय संहितेचे कलम 317 लागू होते. प्रत्येक खरेदीची तारीख, वजन, वायरीचा प्रकार आणि विक्रेत्याचे ओळखपत्र वहीत नोंदवण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी.

खरेदी केलेल्या दोन्ही तारा टेम्पोतच वेगळ्या पोत्यांत भराव्यात, घरी नेऊन निवडू असे म्हणू नये. तांब्याच्या गोदामात वजनापूर्वी पोत्यातून मूठभर तारा काढून तपासल्या जातात आणि त्यात चार मढवलेल्या तारा निघाल्या तर संपूर्ण पोते खालच्या प्रतीत ढकलले जाते. वितळलेल्या तांब्यात थोडेसे ॲल्युमिनियम गेले तरी त्याची विद्युतवाहकता घटते, त्यामुळे गोदामवाल्याची ही कडक भूमिका योग्यच आहे. मढवलेल्या तारेचा गिऱ्हाईक वेगळा असतो. ओतीव ॲल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंत तांबे मुद्दामच घालतात. ‘एडीसी 12’ या प्रचलित मिश्रधातूत ते 1.5 ते 3.5 टक्के असते. अशा भट्टीत ही तार मोजून, इतर ॲल्युमिनियमबरोबर थोडी थोडी टाकता येते. तेथे आपण होऊन ‘सीसीए, 10 टक्के’ असे पोत्यावर लिहून दिले, तर भट्टीवाल्याला तांब्याचा हिशेब करता येतो आणि त्या तांब्याचेही काही मोल पदरात पडते.